अधिक-उणे अक्षर

भोरच्या संस्थानिकांना 'पंतसचिव' म्हणत, हे आमच्या तालुक्यातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण 'सचिव म्हणजे रे कोण?' असे विचारले की पोर गप्प बसते, आणि बहुधा त्याचा बापही. मंत्रालयातील सचिव आपण वर्तमानपत्रात वाचतो, सोसायटीचे सचिव तर जिन्यातच भेटतात. परंतु शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील सचिव ह्या दोघांहून निराळा. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या सुमारास प्रत्येक प्रधानाचे काम नेमून देणारा कानू-जाबता ठरला. 'सुरनीस' हे फारसी वळणाचे नाव जाऊन त्या जागी 'सचिव' आले. त्याने करावयाचे ते असे : राजाच्या नावे जी पत्रे सुटतील ती सारी तपासावी, मजकुरात एखादे अक्षर अधिक पडले असेल, एखादे उणे राहिले असेल, तर ते शुद्ध करावे, आणि मग कागदावर आपली खूण करावी. प्रसंग पडला तर त्याने युद्धावरही जावे. पण त्याचे मुख्य काम अक्षरांवर पहारा करण्याचे होते.

अक्षराचे एवढे काय, असे मराठी माणसाने तरी विचारू नये. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या चिठ्ठीतील 'धरावे'चे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, ही कथा इतिहासाच्या अभ्यासकांना पटो वा न पटो, 'ध चा मा' हे शब्द मराठीत कायमचे राहिले. लोकांनी ही कथा जपली, कारण लेखणीच्या एका फटकाऱ्याने माणूस मरू शकतो हे त्यांना अनुभवाने पटलेले होते. हुकूम सोडणारा एक, तो बजावणारा दुसरा, आणि मधे तपासणारा कोणीच नाही, अशी स्थिती झाली की एक अक्षर पुरते.

ह्यावरचा उपायही जुनाच होता. शिवकालीन पत्राच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' अशी मोर्तब उठवीत. मजकूर येथे संपला. ह्यापुढे कोणी काही घुसडले तर ते राजाचे नव्हे, असा तिचा अर्थ. वाचणाऱ्याने कोठे थांबावयाचे हे कागदावरच सांगून ठेवण्याची ही युक्ती वाचकांनी क्षणभर ध्यानात ठेवावी. तिची गरज पुढे पडणार आहे.

राज्याभिषेकाच्या वेळचे सचिव अण्णाजी दत्तो. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आले. मोगलांच्या ताब्यात गेलेला मावळ आणि तेथील किल्ले सोडविण्यात त्यांनी मोठा पराक्रम केला. त्यांची समाधी भोरजवळ आंबवड्याला आहे. पद त्यांच्या घराण्यात वंशपरंपरा चालले, त्याचे संस्थान झाले, आणि ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. ह्या अडीचशे वर्षांत गंमत अशी झाली की, पदवी राहिली आणि काम गेले. सचिव राजे झाले. पत्रातील अधिक-उणे अक्षर पाहण्याचे काम दप्तरखान्यातील बिननावाच्या कारकुनांकडे उतरले. तपासणारा मोठा झाला की तपासणे सोडतो, आणि तपासत राहतो तो मोठा होत नाही, हा आमच्या संस्थानच्या इतिहासातील एक धडा आहे. तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही.

ही जुनी दप्तरे मी उघडली ती मात्र एका अगदी ताज्या गोष्टीपायी. कापूरहोळच्या फाट्यावरून किंवा चेलाडीहून पुण्याची गाडी धरणारी भोर-वेल्ह्याकडची कितीतरी मुले-मुली आज हिंजवडीला, खराडीला, मगरपट्ट्याला संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचे काम करतात. आईबाप शेजारीपाजारी 'पोरगं आयटीत आहे' एवढेच सांगतात. तेथे ते नेमके काय करते हे कोणी विचारले तर पंचाईत. सणाला ही मुले गावी येतात, तेव्हा ओसरीवर वर्तमानपत्र पडलेले असते. त्यात ठळक मथळा असतो : अमुक यंत्राने तमुक कंपनीत क्रांती केली; अमक्या अध्यक्षांनी सांगितले की लौकरच प्रोग्रॅमर नावाचा प्राणी उरणार नाही. बाप काळजीने चष्मा पुसतो. पोरगा बातमी वाचतो आणि तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसतो. 'आबा, ही बातमी विकणाऱ्यानं लिहिलीय, चालवणाऱ्यानं नाही,' एवढे बोलून तो फराळाकडे वळतो.

मी शिक्षक; वर्गातल्या हसण्याचे प्रकार मला कळतात. हे हसणे उद्धटपणाचे नव्हे, आणि निर्धास्तपणाचे तर मुळीच नव्हे. कागद तपासताना चूक दिसली, पण ती साहेबांच्या सहीखाली आहे, अशा वेळी जुन्या कारकुनाच्या चेहऱ्यावर जे उमटत असेल ते हे हसणे होय. प्रोग्रॅमर लोकांच्या ह्या तिरकस शेऱ्यांना स्वतःचा इतिहास आहे, आणि त्याचे नाते थेट सचिवाच्या खुणेशी पोचते, असे माझे मत आहे.

ह्या धंद्यातील विनोदाचा एक जुना नमुना सरकारी नोंदवहीतच सापडतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' ह्या प्रचंड गणनयंत्रात बिघाड झाला. शोध घेता एका विद्युत्-कळीत एक पतंग अडकून मेलेला आढळला. यंत्रातील दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची चाल इंजिनिअरांत आधीपासून होतीच. तेव्हा त्या मंडळींनी तो पतंग चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला आणि खरोखरीचा किडा सापडण्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाचा शेरा गंभीरपणे खाली लिहिला. वही आजही अमेरिकेतील संग्रहालयात आहे, पतंगासह.

दुसरा नमुना १९९० सालचा. इंटरनेटवर निरोप कसे पाठवावे ह्याचे नियम क्रमांक घातलेल्या अधिकृत पत्रकांतून प्रसिद्ध होतात. त्या वर्षी १ एप्रिल रोजी ११४९ क्रमांकाचे पत्रक निघाले. कबुतरांच्या पायाला कागद बांधून संगणकाचा निरोप कसा पोचवावा, ह्याचे संपूर्ण नियम त्यात दिले होते. पत्रकांची भारदस्त भाषा जशीच्या तशी, आत कबुतरे. पुढे २००१ साली नॉर्वेतील बर्गेन येथे काही हौशी मंडळींनी हा प्रयोग खरोखर केला. नऊ निरोप पाठवले, चारांचे उत्तर आले. आमच्याकडच्या डोंगरात पावसाळ्यात मोबाइलची जी अवस्था असते तिच्याशी तुलना करता कबुतरांची कामगिरी तशी वाईट म्हणता यावयाची नाही.

आपल्या देशात ही विद्या आली ती मुंबईच्या वाटेने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला 'टिफरॅक' हा संगणक १९६० साली पुरता कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्याची स्मरणशक्ती २०४८ शब्दांची, म्हणजे इतकी की आपण वाचता आहात हा लेखसुद्धा तीत मावला नसता. तो काचेच्या नळ्यांवर चाले, आणि तो सिद्ध होईपर्यंत जगात ट्रान्झिस्टरचे दिवस आले होते. नवे यंत्र हाती येते तोच ते जुने झाल्याची बातमी येते, हा अनुभव आपल्या लोकांना पहिल्या संगणकापासूनचा आहे.

त्याच दशकात आयुर्विमा महामंडळाने मुंबई आणि कलकत्ता येथे संगणक आणण्याचे ठरविले. कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी इमारतीवर पहारे बसवून ते यंत्र आत येऊ दिले नाही. कारकुनाची भाकरी यंत्र खाणार, हे भय देशभर पसरले. सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते, आणि १९७२ साली तिचा अहवाल आला. यंत्र यावे की न यावे एवढ्यावर हा वाद संपत नव्हता. आले तर कोणाच्या घरातून काय जाईल, हा त्यातील खरा प्रश्न होता. ह्या वादात प्रोग्रॅमर यंत्राच्या बाजूला उभा होता. कारकुनाचे काम तो यंत्राला शिकवीत होता. आजच्या त्याच्या हसण्यातला कडवटपणा समजावयाचा तर हे विसरून चालणार नाही : दुसऱ्यांच्या धंद्याची 'आता ह्यांची गरज नाही' ही बातमी एके काळी त्याच्याच टेबलावरून निघत असे. बँकेतील खातेवह्या, रेल्वेच्या आरक्षणाचे जाडजूड ग्रंथ, आणि ज्या खिळे जुळविणाऱ्यांनी आमच्या लहानपणचे दिवाळी अंक छापले त्यांच्या खिळ्यांच्या पेट्या, हे सारे विसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत संगणकाने गिळले.

प्रोग्रॅमरची गरज संपल्याची बातमीही काही आजची नाही. १९५९ साली 'कोबॉल' ही संगणकाची भाषा तयार होऊ लागली. इंग्रजी वाक्यांसारखी दिसणारी भाषा केली म्हणजे पेढीच्या मालकालाही आज्ञावली वाचता येईल, असा तिच्यामागचा विचार. प्रत्यक्षात मालकाने ती कधी वाचली नाही, आणि कोबॉल जाणणाऱ्या माणसांची मागणी मात्र पुढे चाळीस वर्षे वाढत राहिली. १९८१ साली ब्रिटनमध्ये एक आज्ञावली विक्रीला आली. इतर आज्ञावल्या ती आपोआप लिहून देणार, सबब ह्यानंतर दुसरी विकत घ्यावयास नकोच, म्हणून तिचे नावच 'द लास्ट वन', म्हणजे 'शेवटची', असे ठेवले होते. योग पाहा : त्याच १९८१ साली पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस काढली. 'शेवटची' कोठे गेली हे आज शोधावे लागते. पुण्यात मात्र १९८८ साली सी-डॅक आले, १९९१ साली तेथे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला, आणि शतकाच्या अखेरीस हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवू लागल्या.

त्याच सुमारास अधिक-उणे अक्षराचा एक प्रसंग साऱ्या जगावर आला. जुन्या आज्ञावल्यांत जागा वाचावी म्हणून वर्षाचे चारांऐवजी दोनच आकडे लिहीत. आपणही 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतो. शतक कोणते हे ऐकणाऱ्याला कळते. यंत्राला ते कळत नाही. सन २००० उजाडले की यंत्र त्याला १९०० समजणार आणि व्याजापासून विम्यापर्यंत साऱ्या हिशेबांचा विचका होणार, हे ओळखून जगभर दुरुस्ती सुरू झाली, आणि तीत भारतीय प्रोग्रॅमरांचा वाटा फार मोठा होता. कोट्यवधी ओळी वाचून उणे राहिलेले दोन आकडे भरावयाचे, हे सचिवाचेच काम. १ जानेवारी २००० ची सकाळ जवळजवळ निर्वेध गेली. तेव्हा लोक काय म्हणाले? 'उगीच बाऊ केला होता. काही झालेच नाही.' धरण फुटले नाही म्हणून ते बांधणाऱ्याला वेड्यात काढावे, तशातला हा प्रकार. चांगल्या तपासणीचा पुरावा म्हणजे काहीच न घडणे, आणि काहीच न घडण्याची बातमी होत नाही. त्या दिवसापासून ह्या धंद्यातल्या माणसाच्या हसण्याला एक सुरकुती अधिक पडली.

उणे आकड्यांची ही गोष्ट झाली. अधिक आकड्याची गोष्ट १९ जुलै २०२४ ची. प्रोग्रॅमर लोकांत एक जुना संकेत आहे : शुक्रवारी नवा बदल बाहेर सोडू नये; सोडल्यास शनिवार-रविवार घरी जाता येत नाही. अमावास्येला प्रवासास न निघण्यासारखीच ही श्रद्धा समजा. तो दिवस शुक्रवार होता. 'क्राउडस्ट्राइक' ह्या कंपनीने संगणकांच्या संरक्षणासाठी दिलेल्या आज्ञावलीत नव्या माहितीची एक फाइल धाडली. त्या माहितीचे रकाने ठरले होते एकवीस. वाचणाऱ्या आज्ञावलीच्या हाती दिले होते वीस. तिने एकविसावा रकाना वाचावयास हात घातला, तो मर्यादेच्या पलीकडे पडला, आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. विमानतळ अडले, इस्पितळे अडली. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास दिले. फाइल बाहेर पडण्याआधी तपासणारी एक स्वयंचलित आज्ञावली होती. तिच्यातच दोष होता. तिने ती बिनचूक ठरविली.

'मर्यादेयं विराजते'ची आठवण ठेवा, असे मी वर म्हटले ते ह्यासाठी. मजकूर कोठे संपतो हे वाचणाऱ्याला न कळल्यामुळे एकविसाव्या शतकातील विमाने जमिनीवर राहिली. त्या दिवशी प्रोग्रॅमर मंडळींनी एकमेकांना शुक्रवारचेच विनोद पाठविले, आणि हाताने लिहिलेल्या त्या पासाची छायाचित्रे घरोघर पोचली. ज्याच्या हातात पास होता त्याचे अक्षर कोणी तपासले होते काय, हा माझ्यासारख्या मास्तराला पडलेला प्रश्न अलाहिदा.

आता नावांविषयी थोडेसे, कारण ह्या धंद्यात नावे बदलण्याची हौस दांडगी. महाराजांनी तोरण्याचे नाव प्रचंडगड ठेविले. गडाची थोरवी त्यात आली, पण मावळातली माणसे तोरणाच म्हणत राहिली. वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. डोक्यावर पाटी घेतलेली म्हातारी मात्र कंडक्टरकडे अजून वेल्ह्याचेच तिकीट मागते. दोन्ही नावे आपापल्या जागी खरी आहेत. संगणकाच्या व्यवहारात मात्र जुन्याच मालाला दर दहा वर्षांनी नवे नाव चिकटते, आणि नावाबरोबर किंमत वाढते. माहिती आपल्या कचेरीत न ठेवता भाड्याने दुसरीकडे ठेवण्याला 'क्लाउड', म्हणजे मेघ, हे काव्यमय नाव पडले. प्रोग्रॅमरनी त्याचे भाषांतर करून टाकले : 'क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक.' सबंध जाहिरातीला एवढे एक वाक्य पुरले.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इंग्रजी आद्याक्षरांचे असेच झाले. अ‍ॅमेझॉनने काही दुकाने अशी काढली की गिऱ्हाइकाने वस्तू उचलावी आणि निघून जावे. हिशेब यंत्र करील. एप्रिल २०२४ मध्ये वृत्त आले की त्या व्यवहारांची पडताळणी करण्यासाठी भारतात सुमारे एक हजार माणसे काम करीत होती. कंपनीने सांगितले की ही माणसे मुख्यतः यंत्राला शिकविण्याचे काम करतात आणि वृत्ताने त्यांच्या कामाचे चुकीचे चित्र रंगविले आहे. खुलासा येईपर्यंत विनोद जगभर गेला होता : 'ए. आय. म्हणजे अ‍ॅक्चुअली इंडियन्स!' प्रत्यक्षात आत बसलेले ते भारतीयच. आपली मुलेही ह्यावर हसली, आणि थोडी दुखावलीही. पेटीच्या आत माणूस बसलेला असण्याचा प्रकार जुना आहे. १७७० साली केंपेलेन नावाच्या गृहस्थाने व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारा तुर्की पोशाखाचा यंत्र-पुतळा आणला. त्याने पुढे भल्याभल्यांना हरविले. पेटीत एक बुद्धिबळपटू दडलेला असे. पुतळ्याचे नाव इतिहासात राहिले, आतल्या माणसाचे बहुतेक पुसले गेले. दप्तरखान्यातील कारकुनाचीच ही कथा, फक्त पोशाख निराळा.

आता हसण्यापलीकडचा भाग. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' लोकांसमोर आले, आणि मनुष्याच्या भाषेत सांगितले असता आज्ञावली लिहून देणारे यंत्र खरोखरच अवतरले. ह्या वेळची बातमी पूर्वीसारखी पोकळ नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ज्या कामाला नवशिक्याला दिवस लागे ते हे यंत्र मिनिटात करते. माझ्याच एका माजी विद्यार्थिनीने मला ते करून दाखविले. 'सर, हे कंटाळत नाही, रजा मागत नाही, आणि चुकलं तरी ह्याचा आत्मविश्वास जात नाही,' असे ती म्हणाली. शेवटचे वाक्य स्तुतीचे नव्हते.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत एका उद्योजकाने 'रेप्लिट' कंपनीच्या अशा यंत्र-मदतनिसाला, कोणताही बदल करू नये, असे स्पष्ट बजावले असताना त्याने चालू माहितीचा साठा पुसून टाकला. आणि जाब विचारला तेव्हा आपण घाबरून गेलो, असे उत्तर दिले. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली. 'धरावे'चे 'मारावे' करणाऱ्याला पूर्वी निदान हेतू असावा लागे. त्याच महिन्यात 'मीटर' ह्या अमेरिकी संस्थेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सोळा अनुभवी प्रोग्रॅमरनी आपल्या ओळखीच्या आज्ञावल्यांवर काम केले : काही कामे यंत्राच्या मदतीने, काही मदतीवाचून. मदत घेतली तेव्हा त्यांना १९ टक्के वेळ अधिक लागला. आणि काम संपल्यावर त्यांना विचारले, तर आपला वेळ २० टक्के वाचला असे ते सांगत होते. सोळा माणसांवरून जगाचा निकाल लावू नये, आणि यंत्रेही रोज सुधारत आहेत. पण वेगाचा भास आणि वेग ह्या दोन गोष्टी आहेत, एवढे ह्यावरून दिसते. वेळ कोठे गेला? बराचसा यंत्राने लिहिलेले तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात.

ह्याच काळात बातम्यांना दुसरीकडूनही भरती आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे सुचविले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे नव्वद तासांचे बोल गाजले. 'हिंजवडीच्या चौकात उभे राहिलेले तास धरले तर आमचे सत्तर केव्हाच भरलेत,' असे आमच्याकडचा एक मुलगा म्हणाला. पुढे जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे १२ हजार माणसे, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या व वरच्या जागांवरची मंडळी अधिक. कारण कृत्रिम बुद्धिमत्तेचे नसून कौशल्ये जुळण्याचे आहे, असे कंपनीने सांगितले. म्हणजे एकाच ओसरीवर एकाच पेपरात एक बातमी म्हणते, माणसाने नव्वद तास राबावे. दुसरी म्हणते, माणूस नकोच. दोन्ही बातम्या मांडीला मांडी लावून छापलेल्या पाहिल्यावर ज्याला हसू येणार नाही त्याची प्रकृती वैद्याला दाखवावी.

परंतु घरावर कर्जाचे हप्ते आहेत, धाकटीचे शिक्षण आहे, गावाकडे शेतावर भरवसा ठेवण्याजोगा पाऊस नाही. अशा मुलाचे हसू ओठांवरच थांबते. ह्या ठिकाणी मला चिंता वाटते ती निराळी. आजचे अनुभवी लोक यंत्राची चूक धरू शकतात, कारण त्यांनी स्वतः वर्षानुवर्षे चुका केल्या आणि त्या निस्तरल्या. सचिव हा जन्मतः सचिव नसतो. आधी तो वळण गिरविणारा उमेदवार असतो, मग कारकून, आणि मग कोठे त्याची नजर अधिक-उणे अक्षरावर थबकू लागते. उमेदवारीचे ते किरकोळ काम यंत्राला देऊन टाकले, तर आणखी वीस वर्षांनी तपासणारी नजर आणावयाची कोठून? आणि आमच्या भोर-वेल्ह्याच्या मुलांना ह्या धंद्यात शिरण्याची पायरी हीच होती. ओळखदेख नसलेल्या मुलाने लहान काम बिनचूक करावे आणि वर चढावे, अशी ती पायरी. ती काढून घेतली तर उंबरठा तेवढा राहील.

म्हणून ह्या मुलांचे विनोद हसण्यावारी नेऊ नयेत असे माझे सांगणे आहे. 'क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक' ह्यात माहितीच्या मालकीचा प्रश्न आहे. शुक्रवारच्या विनोदात घाईचा निषेध आहे. 'अ‍ॅक्चुअली इंडियन्स'मध्ये पेटीतल्या माणसाने आतून मारलेली हाक आहे. ज्याच्या हाती निर्णय नाही, पण ज्याच्या डोळ्यांना चूक दिसते, त्याने समासात लिहिलेले हे शेरे आहेत. राज्याच्या कागदावर महाराजांनी सचिवाची खूण आवश्यक ठेवली, ती राजाची आज्ञासुद्धा तपासल्यावाचून बाहेर पडू नये म्हणून. आपल्या नव्या राजेलोकांना, मग ते यंत्रे विकणारे असोत की ती विकत घेणारे, एवढी शिस्त मागण्यात काही गैर नाही.

दिवाळीत आमच्याकडे घरोघर मातीचे किल्ले होतात. आळिवाची हिरवळ उगवते, शिखरावर महाराज बसतात, बुरुजावर मावळे आणि दरवाजाशी भालदार उभे राहतात. कारकून मात्र कोणी मांडीत नाही. कुंभाराकडे तसले चित्र मिळतही नसावे. यंदा एखाद्या चुणचुणीत पोराने किंवा पोरीने आपल्या राजगडाच्या सदरेवर, महाराजांच्या थोडे खाली, बोरू घेतलेला एक माणूस मातीचाच करून बसवावा. कोणी विचारलेच, की हा कोण, तर सांगावे : हा पत्र तपासतो आहे, ह्याची खूण झाली की घोडा सुटेल.